एकोणचाळीस मिनिटं आधी

जानेवारी १९०६. मुंबईत काही हजार गिरणी कामगारांनी मागावर उभं राहायला नकार दिला आणि गिरण्यांवर दगड मारले. पगार कापला नव्हता, कुणाला कामावरून काढलं नव्हतं. भांडण घड्याळाशी होतं.

१ जानेवारीपासून सरकारने देशभर एकच प्रमाणवेळ लागू केली होती. ही वेळ ग्रिनिचच्या साडेपाच तास पुढे. त्याआधी मुंबईची स्वतःची वेळ होती, ग्रिनिचच्या ४ तास ५१ मिनिटं पुढे. म्हणजे शहरातली घड्याळं एका रात्रीत ३९ मिनिटं पुढे सरकणार होती. सूर्य जिथे होता तिथेच राहणार होता. गिरणी नव्या घड्याळाच्या सहाला सुरू झाली, तर जुन्या हिशेबाने ती पाच वाजून एकवीस मिनिटांनीच सुरू झाली. जानेवारीत मुंबईला सूर्योदय होतो तेव्हा आजच्या घड्याळात सव्वासात झालेले असतात. कामगारांना हे गणित कुणी फळ्यावर मांडून दाखवायची गरज नव्हती. त्यांची उरलीसुरली झोप जात होती. शहरातही विरोध पेटला, अर्जांवर पंधरा हजारांहून जास्त सह्या झाल्या. महापालिकेने तर पुढची कित्येक दशकं आपली घड्याळं जुन्या 'मुंबई टाइम'वरच ठेवली.

हा किस्सा मी पूर्वीही वाचला होता. पण सध्या तो मला वेगळा दिसतो, कारण माझी मुलगी नऊ महिन्यांची आहे आणि गेले काही महिने ती पहाटे पावणेपाचला उठते. रडत नाही. उठून बसते, माझ्या नाकात बोट घालते आणि दिवस सुरू झाल्याचं जाहीर करते. भेटेल तो म्हणतो, "अगं बाई, फारच लवकर उठते की!" या 'फार लवकर'ने मला इतिहासात ढकललं. फार लवकर म्हणजे कशाच्या आधी? बाळाने उठायची बरोबर वेळ कोणती आणि ती ठरवली कुणी?

जातं आणि झोळी

शे-दीडशे वर्षांपूर्वी महाराष्ट्रातल्या कुठल्याही खेड्यात माझी मुलगी 'फार लवकर' उठली नसती. कारण तिच्याआधी घरातली बाई उठलेली असायची. पिठाची गिरणी गावात येण्याआधी भाकरीचं पीठ रोज घरी दळायला लागायचं आणि ते काम पहाटेच्या अंधारात व्हायचं. बाळ झोळीत नाहीतर मांडीवर. जात्याची घरघर आणि त्यावरची ओवी, हेच त्याच्या सकाळचं पहिलं संगीत. पुढे हेमा रायरकर आणि गी पॉइतवाँ यांनी महाराष्ट्रातल्या खेड्यांतून एक लाखाहून जास्त ओव्या गोळा केल्या. त्यांतल्या कितीतरी ओव्या लेकराबद्दल आहेत. पहाटे मांडीवर लेकरू असायचंच, त्यामुळे ते ओवीतही आलं.

पण इथे गहिवरून जायला नको. 'पूर्वी किती छान होतं' म्हणणाऱ्यांनी एक रात्र जात्यावर काढून बघावी. बाई अंधारात दळायची, कारण उजाडल्यावरचा सगळा वेळ शेताने, पाण्याने, गुरांनी आधीच घेतलेला असायचा. पहाटे उठलेल्या बाळाची तेव्हा अडचण वाटत नव्हती, कारण त्याची किंमत एका बाईच्या झोपेतून आधीच वळती झालेली होती.

पहाटे उठणं मुळात विचित्र आहे का, याचंही उत्तर आता थोडं मिळालंय. २०१५ साली जेरोम सीगल आणि सहकाऱ्यांनी टांझानियातले हाद्झा, नामिबियातले सान आणि बोलिव्हियातले त्सिमाने अशा तीन समाजांतल्या मोठ्या माणसांची झोप मोजली. त्यांच्याकडे विजेचे दिवे नाहीत. ही माणसं सूर्यास्त झाल्या झाल्या झोपत नाहीत, सरासरी तीन तासांहून जास्त वेळ जागी असतात. उठतात मात्र बहुतेकदा सूर्योदयाच्या आधी. म्हणजे पहाटे जाग येणं हा आजार नाही. आपण रात्री साडेबाराला मोबाइल खाली ठेवतो, म्हणून ती पहाट अंगावर येते.

भोंगा आणि बाळगोळी

जात्यावरून उठून बाई गिरणीत गेली, तेव्हा पहाटेचा अर्थ बदलला. विसाव्या शतकाच्या सुरुवातीच्या दशकांत मुंबईच्या गिरण्यांत दर पाच कामगारांत साधारण एक बाई होती. बहुतेक जणी वाइंडिंग आणि रिलिंग खात्यांत. भोंगा वाजला की दाराच्या आत असलं पाहिजे, नाहीतर पगार तुटला. जातं आईच्या हाताने फिरायचं, थांबवायचं म्हटलं तर थांबायचं. बाळ रडलं तर हात सोडून त्याला पाजता यायचं. भोंगा कुणासाठी थांबत नव्हता.

मग बाळाचं काय करायचं? १९२१ मध्ये मुंबई सरकारने डॉ. बार्न्स या डॉक्टरबाईंना गिरणीतल्या बायकांच्या बाळंतपणाची पाहणी करायला नेमलं. पुढच्या वर्षी त्यांचा अहवाल सरकारच्या 'लेबर गॅझेट'मध्ये आला. त्यात एक आकडा आहे: गिरणीत काम करणाऱ्या बायकांच्या शंभरांतल्या ९८ बाळांना अफू दिली जात होती. या अफूच्या गोळीला नावही गोड होतं, बाळगोळी. अफू सरकारी परवान्याच्या दुकानात मिळायची आणि तिच्यातून सरकारला महसूल मिळायचा. म्हणजे बाळ झोपलेलं राहिल्याने आई कामावर जायची, गिरणी चालायची आणि तिजोरीतही काही पडायचं. या साखळीत तोटा एकट्या बाळाचा होता.

मी राहते तो भाग एकेकाळी गिरणगावच होता. मजल्यावरच्या एक आजी ऐंशीच्या पुढच्या आहेत. माझी मुलगी पहाटे उठते हे ऐकून त्यांनी आधी उपाय सांगितला, गुटीत जायफळाचा एक वेढा जास्त दे. मग स्वतःच थांबल्या. म्हणाल्या, "आमच्या सासूबाई वाइंडिंगला होत्या. त्या सांगायच्या, गोळी दिली की पोर संध्याकाळपर्यंत हलायचं नाही. हलायचं नाही म्हणून आधी बरं वाटायचं, आणि मग हलत नाही म्हणूनच भीती वाटायची." त्यांच्या सासूबाईंची दोन मुलं वर्षाच्या आत गेली. कशाने गेली ते आजींना माहीत नाही. त्या काळात विचारायची पद्धत नव्हती, असं त्या म्हणाल्या.

हे वाचून त्या बायांवर बोट ठेवणं सोपं आहे. सरकारी कागदांत ते ठेवलेलंही आहे, अडाणी आया वगैरे. पण गोळी देणाऱ्या बाईकडे दुसरं काय होतं ते बघा. दहा बाय दहाची खोली, त्यात दोन-तीन कुटुंबं, पाळणाघर नाही, रजा नाही, सासू गावाला. बाळ पहाटे उठलं तर आख्खी खोली उठणार आणि त्या खोलीतल्या प्रत्येकाला भोंगा गाठायचा होता.

साहेबाच्या देशातलं सरबत

ही गोष्ट फक्त मुंबईची नव्हती. कापडाची गिरणी जिथे जिथे गेली, तिथे बाळाची अफूही गेली. इंग्लंडमधल्या गिरण्यांच्या गावांत एकोणिसाव्या शतकात 'गॉडफ्रीज कॉर्डियल' नावाचं गोड सरबत सर्रास मिळायचं, त्यात अफू असायची. अमेरिकेत १८४९ पासून 'मिसेस विन्स्लोज सूदिंग सिरप' विकलं गेलं. त्यात मॉर्फीन होतं आणि जाहिरातीत हसऱ्या आया होत्या. १९०६ साली, म्हणजे मुंबईत घड्याळावरून दगड पडले त्याच वर्षी, अमेरिकेत कायदा झाला आणि अशा बाटल्यांवर आत काय आहे ते छापणं सक्तीचं झालं. त्यानंतर अशा औषधांचा धंदा उतरणीला लागला.

अफू गेली, तिच्या जागी वेळापत्रक आलं. न्यूयॉर्कचे डॉ. एमेट होल्ट यांनी १८९४ मध्ये आया आणि दायांसाठी एक छोटं प्रश्नोत्तरांचं पुस्तक लिहिलं. न्यूझीलंडमध्ये ट्रबी किंग यांनी १९०७ मध्ये माता-बालकांसाठी संस्था काढली आणि तिचा नियम जगभर गेला: दर चार तासांनी दूध, रात्री दूध नाही, उगाच उचलून घेणं नाही. १९२८ मध्ये जॉन वॉटसन या मानसशास्त्रज्ञाने मुलांना कुरवाळू नका, पापे घेऊ नका, असा सल्ला पुस्तकातून दिला आणि ते पुस्तक भरपूर खपलं. १९४६ मध्ये डॉ. स्पॉक यांनी आयांना धीर दिला की तुम्हाला वाटतं त्यापेक्षा तुम्हाला जास्त कळतं. १९८५ मध्ये बॉस्टनच्या रिचर्ड फर्बर यांनी बाळाला थोडं थोडं रडू देऊन स्वतः झोपायला शिकवायची पद्धत मांडली. तिच्यावरून आजही घराघरांत भांडणं होतात.

या सगळ्यांची मतं एकमेकांविरुद्ध आहेत, पण एक गोष्ट जवळपास सगळ्यांनी धरून चाललेली आहे. सकाळी कुणीतरी ठरल्या वेळेला कामावर जाणार आहे आणि बाळाची झोप त्या वेळेत बसली पाहिजे. भोंगा भिंतीआडून घरात आला आणि पुस्तकाच्या पानात जाऊन बसला.

बाळाचं स्वतःचं घड्याळ

बाळाला विचारायला बराच उशीर झाला. शिकागोचे नथॅनियल क्लाइटमन हे झोपेच्या अभ्यासातलं मोठं नाव. १९५३ मध्ये त्यांनी आणि थिओडोर एंगलमन यांनी १९ बाळांची झोप तिसऱ्या आठवड्यापासून सव्विसाव्या आठवड्यापर्यंत नोंदवली. कागदावर रेघा ओढल्या तर सुरुवातीला सगळा विस्कटलेला खेळ. झोप दिवसा, रात्री, कधीही. मग हळूहळू झोप रात्रीकडे सरकते आणि दिवस मोकळा होत जातो. बाळ जन्माला येतं तेव्हा त्याच्या शरीरात रात्र आणि दिवस पक्के नसतात. पहिल्या काही महिन्यांत, साधारण तिसऱ्या-चौथ्या महिन्याच्या सुमारास, ते घड्याळ चालू लागतं. त्याला चावी देतो तो उजेड.

पहाटेची जाग त्यामुळेच इतकी चिवट असते. रात्रभराच्या झोपेने दमणूक भागलेली असते, शेवटच्या प्रहरातली झोप हलकी आणि स्वप्नांची असते, शरीर जागं व्हायच्या तयारीला लागलेलं असतं. अशा वेळी छोटासा आवाज, ओलं लंगोट, फटीतून आलेला दिवा एवढंही पुरतं. रात्री अकराला याच आवाजाने बाळ कूस बदलून झोपलं असतं.

आणि आपल्या देशात घड्याळाचा आणखी एक घोळ आहे. पूर्वेपासून पश्चिमेपर्यंत सूर्योदयात जवळपास दोन तासांचा फरक, पण घड्याळ एकच. आसामच्या चहाच्या मळ्यांत म्हणूनच एक तास पुढचा 'बागान टाइम' चालत आला. जूनमध्ये दिब्रुगडला साडेचारच्या आधी सूर्य वर आलेला असतो. तिथलं बाळ पावणेपाचला उठलं तर ते उजाडल्यावर उठलं. मुंबईत वर्षभर सूर्य सहाच्या आधी उगवत नाही. इथे पावणेपाच म्हणजे काळोख.

या माहितीचा मला थेट उपयोग झाला. माझ्या मुलीला सूर्य उठवत नव्हता, मग कोण उठवत होतं? दोन पहाटा मी तिच्याआधी जागी राहून ऐकत बसले. साडेचारला नळाला पाणी येतं. पावणेपाचला सोसायटीचा पंप सुरू होतो आणि आमच्या खोलीच्या भिंतीतला पाइप गुरगुरतो. मुलगी त्या गुरगुरीला उठत होती. शहराच्या पाण्याचं वेळापत्रक तिच्या झोपेत शिरलं होतं.

आम्ही तिची गादी आतल्या खोलीत हलवली, खिडकीला जाड पडदा लावला. अंधार असेपर्यंत ती उठली तरी दिवा लावायचा नाही, बोलायचं ते हळू आवाजात, खेळणी काढायची नाहीत. पाजायचं, पण दिवस सुरू झाल्याचा समारंभ करायचा नाही. उठल्यानंतर तासाभरातच ती परत पेंगायची आणि आम्ही तिला सातला झोपवायचो. ती झोप हळूहळू पुढे ढकलली, नाहीतर ती रात्रीचाच एक तुकडा होऊन बसते. सकाळी उजाडल्यावर तिला बाहेरच्या उजेडात नेणं आणि संध्याकाळी दिवे मंद करणं, हेही केलं. गुटी बंद केली नाही, कारण ती कधी सुरूच केली नव्हती. आमच्या डॉक्टरांनी पहिले सहा महिने आईच्या दुधाशिवाय काही नको असं सांगितलं होतं आणि झोपेसाठी कुठलंही औषध मनाने द्यायचं नाही, हेही.

एक हिशेब सगळ्यांत उपयोगी पडला. चार महिने ते एक वर्ष या वयात दिवसा-रात्रीची मिळून १२ ते १६ तास झोप लागते. माझी मुलगी संध्याकाळी साडेसातला झोपून पावणेपाचला उठली, तर तिचे सव्वानऊ तास झाले. दिवसातली तीन-साडेतीन तासांची झोप धरली तर आकडा बसतो. तिला झोप कमी पडत नव्हती, मला पडत होती. हे दोन वेगळे प्रश्न आहेत आणि त्यांना एकच औषध नाही. बाळ दिवसभर किरकिरत असेल, घोरत असेल, वजन वाढत नसेल, तर गोष्ट डॉक्टरांकडे जायची. बाळ पहाटे हसत असेल आणि आई रडत असेल, तर ती घराकडे आणि कामाच्या ठिकाणाकडे जायची.

आता ती साडेपाचच्या आसपास उठते. तेवढं बस.

गोळीच्या जागी काय आलं

डॉ. बार्न्स यांच्या अहवालानंतर बाळगोळीविरुद्ध उपदेश पुष्कळ झाले. पण बाळाला खरी मदत झाली ती वेळ मिळाल्याने. १९२४ मध्ये कामगार पुढारी ना. म. जोशी यांनी मध्यवर्ती कायदेमंडळात बाळंतपणाच्या भत्त्याचं विधेयक आणलं. ते फेटाळलं गेलं. १९२८ मध्ये मुंबई विधिमंडळात आर. एस. आसवले यांनी तसंच विधेयक मांडलं. त्याला पाठिंबा देताना डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी सांगितलं की बाळंतपणाआधी आणि नंतर आईला विश्रांती मिळणं देशाच्या हिताचं आहे आणि तिच्या कामातून ज्याला फायदा होतो त्या मालकानेही त्याचा भार उचलला पाहिजे. १९२९ मध्ये मुंबई इलाख्याचा कायदा झाला, देशातला अशा प्रकारचा पहिला. दिवसाला आठ आणे, तेही मोजक्या आठवड्यांसाठी. पण ते आठ आणे घरात असताना मिळणार होते.

पुढे १९४८ च्या कारखाने कायद्याने पन्नासहून जास्त बायका असलेल्या कारखान्यात पाळणाघर सक्तीचं केलं. १९६१ मध्ये देशभराचा प्रसूती लाभ कायदा आला आणि २०१७ च्या दुरुस्तीने रजा १२ आठवड्यांवरून २६ आठवड्यांवर गेली. मला पूर्ण २६ आठवडे मिळाले. आजींच्या सासूबाईंना यातलं किती मिळालं, ते विचारायला त्या नाहीत. मी मुलीच्या गादीशेजारी अंधारात बसून पंपाचा आवाज ओळखू शकले, ते तेव्हा मी रजेवर होते म्हणून. पावणेसातची लोकल गाठायची असती तर मलाही जायफळाचा एक वेढा जास्त आठवला असता.

माझ्या घरी येणाऱ्या स्वयंपाकाच्या ताई मात्र मुलगा दीड महिन्याचा असताना कामावर परतल्या होत्या. चार घरांत स्वयंपाक करणाऱ्या बाईला रजा द्यायला मालक नेमका कोण, याचं उत्तर २६ आठवड्यांच्या कायद्यात नाही. आणि वडिलांचं काय? केंद्र सरकारच्या नोकरीत पुरुषाला १५ दिवसांची पितृत्व रजा मिळते. खासगी नोकरीतल्या बापासाठी तसा कायदाच नाही. आमच्या घरी आता एक दिवस नवरा उठतो, एक दिवस मी. ही वाटणी आमच्या दोघांच्या कामाच्या वेळा जुळतात म्हणून जमली. ज्यांच्या जुळत नाहीत, त्यांच्या घरी ती आपोआप आईकडे जाते, जात्याच्या काळापासून जात आली तशी.

१९०६ च्या कामगारांना नीट कळलं होतं की घड्याळ कुणीतरी हलवतं, तेव्हा कुणाची तरी झोप जाते. बाळाला यातलं काही ठाऊक नसतं. ते त्याच्या उजेडाने आणि भुकेने उठतं. तुमच्या घरात एखादं पहाटे उठत असेल, तर आधी पडदा बघा, पंप ऐका, झोपेचे तास मोजा. आणि ते तास बरोबर भरले, तरी कुणीतरी दमून भिंतीला टेकलेलं दिसलं, तर पुढचा प्रश्न बाळाला विचारू नका. उद्या पहाटे कोण उठणार, ते आज रात्री दोघांनी बसून ठरवा.